बिनक्लचचे गृहस्थ

रविवारी पहाटे कोथरूडहून चांदणी चौकाच्या दिशेने निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या ताफ्यात, जाड जाकीट, गुडघ्यांवर कवचे आणि पायांत लष्करी थाटाचे बूट असा सारा सरंजाम अंगावर बाळगूनही ज्याचा डावा हात मुठीवर नुसता विसावलेला आणि डावा पाय बिनकामाचा पडलेला दिसेल, तो बिनक्लच संप्रदायाचा अनुयायी आहे असे खुशाल समजावे; आणि अर्ध्या तासाची सवड नसेल, तर नजर चुकवून पुढे निघून जावे.

आमच्या सोसायटीत या संप्रदायाचे एक मान्यवर प्रतिनिधी राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात उभी हयात यंत्रांच्या देखरेखीत घालवून ते सेवानिवृत्त झाले, आणि भविष्यनिर्वाह निधीचा बराच मोठा हिस्सा त्यांनी होंडाच्या आफ्रिका ट्विनवर खर्ची घातला. २०१७ साली ही गाडी आपल्याकडे प्रथम विक्रीस आली ती केवळ स्वयंचलित गिअरबॉक्ससह. किंमत तेरा लाखांच्या आसपास, वजन अडीचशे किलोंच्या घरात, आणि क्लचचा लिव्हर मात्र नाही. एवढे पैसे मोजून एक वस्तू कमी मिळते, या व्यवहाराचा उलगडा त्यांच्या पत्नीला अद्याप झालेला नाही. खरेदीचे अधिकृत कारण म्हणून त्यांनी डाव्या मनगटाची सांधेदुखी दप्तरी दाखल केलेली आहे. पण माझा तर्क निराळा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांच्या फिर्यादी ऐकल्या, त्याला उतारवयात एक तरी यंत्र असे हवे होते, की ज्याची तारीफ दुसऱ्यांना ऐकवता यावी.

ती ते साद्यंत ऐकवतात. दूधवाला असो, कुरिअरवाला असो, नाही तर पाण्याची मोटर दुरुस्त करायला आलेला मुलगा असो, गाडीकडे त्याने क्षणभर निरखून पाहिले की त्याची सुटका नाही. ‘क्लच नाही असं कोण म्हणतं? दोन आहेत, दोन!’ हे मंगलाचरण. पहिला, तिसरा आणि पाचवा हे गिअर एका क्लचच्या अखत्यारीत, आणि दुसरा, चौथा व सहावा हे दुसऱ्याच्या. कचेरीत एकाच मेजावर दोन कारकून तैनात करावेत, विषम क्रमांकाची प्रकरणे एकाच्या आणि सम क्रमांकाची दुसऱ्याच्या हवाली करावीत, आणि पहिला सही करून कागद बाजूला सारतो न सारतो तोच दुसऱ्याने पुढचे प्रकरण उघडून, टाक दौतीत बुडवून सज्ज असावे, असा हा बंदोबस्त आहे. संगणक हुकूम सोडतो, तेलाचा दाब त्याची अंमलबजावणी करतो, एका क्लचची पकड सुटत असतानाच दुसऱ्याची बसते, आणि अंमल बदलल्याची खबर मागच्या चाकाला जवळजवळ लागतच नाही. (सरकारी कचेरीत असे काही घडल्याचे माझ्या ऐकिवात नाही, यंत्रात मात्र घडते खरे.)

यंत्रानंतर इतिहास. तो बहुधा लिफ्टमध्ये सांगितला जातो, कारण तेथे श्रोत्याला वाट नसते. आडोल्फ केग्रेस नावाचा एक फ्रेंच अभियंता, जो एके काळी रशियाच्या झारच्या मोटारखान्यात चाकरीस होता, त्याने १९३० च्या दशकात ही कल्पना प्रथम मांडली. १९८० च्या दशकात पोर्शने ती शर्यतीच्या मोटारीत राबवली. २००३ साली फोक्सवॅगनच्या गोल्फमधून ती सामान्यांच्या रस्त्यावर उतरली. आणि २०१० साली होंडाने व्हीएफआर १२०० एफ या मोटारसायकलीत बसवून दुचाकीचा उद्धार केला. इतका पल्ला तिसऱ्या मजल्यापर्यंत होतो. पाचव्या मजल्यावर राहणारास १९७६ ची होंडामॅटिकही ऐकावी लागते.

या समग्र विद्वत्तेचा एका वाक्यात निकाल लावणारी माणसे पुण्यात उदंड आहेत. गाडी घरी आली त्या दिवशी हळदकुंकू वाहून झाल्यावर त्यांच्या वृद्ध मावशींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे ही लुनाच की रे, जरा थोराड!’ हे वाक्य त्यांच्या जे जिव्हारी लागले ते आजतागायत निघालेले नाही. लुनाला एकच गिअर, स्कूटरला नुसता पट्टा, आणि हिला मात्र सहा अस्सल दातेरी गिअर, असा तपशीलवार खुलासा त्यांनी जागीच केला; परंतु मावशी तोवर पेढे वाटायला आत गेल्या होत्या आणि खुलासा ऐकायला उरल्या त्या त्यांच्या पत्नी. ‘मी किनेटिक होंडावरून दोन्ही मुलांना शाळेत सोडत होते,’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पण अहो, वाटेत कधी कुणाला व्याख्यान दिलं नाही.’ बुलेटवाले त्यांना मोटारसायकलस्वार मानीत नाहीत आणि स्कूटरवाले त्यांना आपल्यातलेच मानतात. या दोहोंपैकी दुसरा अपमान त्यांना अधिक झोंबतो.

मी त्यांच्या मागे बसून प्रवास केला आहे, त्यामुळे पुढील हकीकत प्रत्यक्ष पाहिलेली आहे. नळस्टॉपला तांबडा दिवा दिसला, की त्यांच्या डाव्या हाताची चार बोटे आपोआप उचलली जातात, पूर्वी येझदीचा आणि मग बुलेटचा लिव्हर जेथे असे तेथील हवा मुठीत धरतात, आणि हाती काहीच न लागल्यामुळे ओशाळून स्वस्थानी परततात. डाव्या बुटाचे टोकही त्याच वेळी एकदा हलते. गाडी एव्हाना कोणाची परवानगी न मागता पहिल्या गिअरमध्ये येऊन उभी राहिलेली असते.

खरी गंमत घाटात. ‘आपण काही म्हणजे काही करायचं नाही’ हा घोष वाईपर्यंत अखंड चालला होता. गाडी ‘डी’वर, म्हणजे पेट्रोलच्या काटकसरीकडे लक्ष ठेवून झटपट वरचे गिअर गाठणाऱ्या वृत्तीत, मजेत चालली होती. पसरणीचा घाट लागताच त्यांनी ती ‘एस’ या अधिक तापट वृत्तीवर नेली; पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून प्रत्येक वळणाच्या तोंडाशी डाव्या अंगठ्याने वजाचे बटण आणि वळण संपताच तर्जनीने अधिकाचे, असा उद्योग पाचगणीपर्यंत अव्याहत चालू राहिला. चहा घेताना मी म्हटले, ‘गिअर तर सगळे तुम्हीच टाकलेत.’ क्षणभर विचार करून ते उत्तरले, ‘टाकले नाहीत. सुचवले.’

इंजिन बंद करताच ही गाडी न्यूट्रलमध्ये जाते, त्यामुळे उतारावर उभी करताना हँडलच्या डाव्या बाजूचा पार्किंग ब्रेक आठवणीने लावावा लागतो. एकदा कोणाला तरी दोन कारकुनांची गोष्ट सांगण्याच्या भरात तो लावायचा राहिला, आणि अडीचशे किलोंचे ते वैभव स्टँडवरून सुटून फाटकाकडे निघाले. रखवालदार आणि भाजीवाला यांनी मिळून ते कसेबसे थोपवले. ‘साहेब, गिअरमध्ये टाकून ठेवायची ना!’ रखवालदार धापा टाकीत म्हणाला. हा सल्ला इतर बहुतेक मोटारसायकलींना लागू पडला असता. या गाडीला तो का लागू पडत नाही हे साहेबांनी त्याला तिथेच, गाडी त्या दोघांच्याच हातांत असताना, सविस्तर समजावून दिले.

अलीकडे मात्र त्यांच्या मनःशांतीस नवी बाधा झाली आहे. होंडानेच २०२३ साली ई-क्लच नावाची तजवीज जाहीर केली: गिअर पूर्ववत पायानेच टाकायचा, क्लचचा लिव्हर जागेवर बहाल, परंतु तो दाबण्याची सक्ती नाही. ‘धड नोकरी नाही, धड निवृत्ती नाही,’ ते कडाडले, ‘ही नुसती मुदतवाढ!’ पुढे बी विंगमधल्या एका तरुणाने तसलीच गाडी आणली. परवा संध्याकाळी वाहनतळात गेलो तर आमचे गृहस्थ तिच्याजवळ उभे, डाव्या हाताचा हातमोजा काढून खिशात ठेवलेला, आणि चारही बोटांनी लिव्हर सावकाश, अगदी शेवटपर्यंत दाबून धरलेला. मला पाहून त्यांनी तो सोडला.

‘स्प्रिंग हलकी आहे,’ ते म्हणाले, आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा दाबला.