खंड्या दिसला, पंचवीस मार्क

पर्यावरणात केटी लागत नाही, हे सीनियर मंडळी अ‍ॅडमिशनच्या रांगेतच सांगून टाकतात. तरी विषय सक्तीचा. याचं मूळ एका वकिलात आहे. एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल लागला: शाळा-कॉलेजांत पर्यावरण शिकवा, थिएटरात स्लाइड दाखवा, रेडिओ-दूरदर्शनवरूनही लोकांना सांगा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मेहता चढले, आणि सबमिशन आमच्या गळ्यात पडलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मग सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. पुस्तक लिहिलं पुण्याच्याच डॉ. एरॅक भरूचा यांनी. हे मूळचे सर्जन. पुस्तकात जागोजागी सांगितलंय की बाहेर पडा, नदी बघा, जंगल बघा, कचराडेपो बघा. मूळ आराखड्यात शंभरातले पंचवीस गुणच त्यासाठी राखलेले. बाहेर आम्हीही पडतो. झेरॉक्सच्या दुकानापर्यंत.

तिथे काकांकडे 'नदी : क्षेत्रभेट' तयार असते. पाणी स्वच्छ, काठी हिरवळ, सकाळी पावणेआठला तारेवर खंड्या. दरवर्षी तोच खंड्या, त्याच तारेवर, पावणेआठलाच. कॉमर्सवाल्यांनाही दिसतो आणि कॉम्प्युटरवाल्यांनाही. एवढा वक्तशीर पक्षी सलीम अलींनाही भेटला नसेल. एका मुलाने वेळ बदलून साडेआठ केली, तर मॅडमनी लाल पेनाने गोल केला.

वर्गातला एकच जण खरोखर नदीवर गेला. भिडे पुलाखाली उभा राहून त्याने जे दिसलं ते लिहिलं: फेस, जलपर्णी, निर्माल्याच्या पिशव्या, आणि नाक धरून निघून आलो. खंड्याचा उल्लेख नाही. मॅडम म्हणाल्या, "निरीक्षण कमी पडतंय, पुन्हा लिहून आण." बिचाऱ्याने त्याच संध्याकाळी काकांचं दुकान गाठलं.

खरं तर बोंब मारावी असं पुस्तकाबाहेर बरंच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात, म्हणजे देशात पहिला नंबर आपला. मुळा आणि मुठा दोघीही यादीत. वायव्हाला मात्र प्रश्न आला, "ओझोनचा थर कुठे असतो?" उत्तर सगळ्यांनी एका सुरात दिलं. मुठेचा नाला कुठून सुरू होतो, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर आधी मॅडमना माहीत हवं.

सबमिशनला प्रत्येकाची फाईल एकाच बाजूने छापलेली, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. 'कागद वाचवा, प्लास्टिक टाळा' हे प्रकरण पाचवं. फायली वर्षभर स्टाफरूमच्या कपाटावर राहतात, मग रद्दीवाला येतो.

पुढच्या बॅचला एवढंच सांगणं: फाईल काकांकडे तयार आहे. नदीवर गेलात तर जा, पण लिहिताना पावणेआठ सोडू नका.