पोच मिळाली, पुढे?

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, खाली घाईघाईत मारलेली सही आणि तारीख. ही झाली पोच. वसईतल्या होळी गावापासून अर्नाळ्यापर्यंत कितीतरी घरांच्या कपाटांत अशा पोची जपून ठेवलेल्या आहेत.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावं नको म्हणत होती, ठराव करत होती. ठराव फायलीत राहिले, गावं महापालिकेत गेली. मग 2016 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा 2036 पर्यंतचा प्रारूप आराखडा आला, तो इंग्रजीत! ज्या बाईच्या वाडीवरचा हरित पट्ट्याचा हिरवा रंग नकाशात बदलणार, तिने तो कुणाकडून वाचून घ्यायचा? तरीही वसईकरांनी हजारोंनी हरकती दिल्या. पोच घेऊन घरी आले.

नुसतं विचारल्यासारखं करणं हे फक्त आपल्याच सरकारचं नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला कर्ज जपानच्या जायका या सहकार्य संस्थेचं, 0.1 टक्का व्याजाने, 50 वर्षांच्या मुदतीने. प्रकल्पाची झळ ज्यांना लागणार त्यांच्याशी चर्चा करा, असं जायकाची स्वतःची नियमावली सांगते. पण भूमिपूजन झालं 14 सप्टेंबर 2017 ला, अहमदाबादेत. मार्गावरच्या पालघर जिल्ह्यातल्या ग्रामसभांचे विरोधाचे ठराव गाजले ते 2018 मध्ये. मार्ग आखून झाला, कर्ज ठरलं, नारळ फुटला आणि मग गावाला विचारलं. याला विचारणं म्हणत नाहीत, कळवणं म्हणतात.

अमेरिकेच्या शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सल्लामसलत तिच्यात चौथ्या पायरीवर आहे. निर्णय लोकांच्या हातात येतो तो पार वर, सातव्या-आठव्या पायरीवर. आपली जनसुनावणी चौथीवरच संपते. मंचावर खुर्च्या कुणाच्या, माईक कुणाच्या हातात, इतिवृत्त कोण लिहिणार, सगळं आधीच ठरलेलं असतं. गावाच्या वाट्याला उरते हजेरीपटावरची सही, आणि तीच सही पुढे ‘लोकसहभाग झाला’ म्हणून अहवालाला जोडली जाते.

म्हणून पुढच्या सुनावणीची नोटीस आली की जरूर जा. पण हजेरीपटावर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : आम्ही नाही म्हटलं, तर हा प्रकल्प थांबेल का? उत्तर लेखी मागा. आणि त्याचीही पोच घ्या.