इटालियन बोटीवरची दुसरी पंगत

सिकंदराबादच्या माणसाचं दर्यावर्दीपण हुसेनसागरात सुरू होतं आणि तिथंच संपतं. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसायचं, बुद्धाचं दर्शन घ्यायचं आणि परत येऊन मिरचीभजी खायची. काय खायचं हा प्रश्न काठावर आल्यावर पडतो. इटालियन बोटीवर जाग आल्यापासून झोप लागेपर्यंत दुसरा प्रश्नच नसतो.

बोटीनं सहलीला जायची ही साथ आमच्याकडे मुंबईहून आली. २०१६च्या डिसेंबरात कोस्टा कंपनीच्या ‘निओक्लासिका’ बोटीनं मुंबईहून मालदीवच्या फेऱ्या सुरू केल्या आणि ज्यांनी आयुष्यात देवगिरी एक्सप्रेसखेरीज कशातून रात्र काढली नव्हती, तेही बाल्कनीवाल्या केबिनची भाषा बोलू लागले. कोस्टा मंडळी मूळची जिनोव्हाची. १८५४पासून त्यांचा धंदा ऑलिव्ह तेलाचा आणि कापडाचा. उतारू वाहायला लागले ते १९४८ साली, ‘आन्ना सी’ नावाच्या बोटीवरून दक्षिण अमेरिकेपर्यंत. तेलवाल्यानं बोट काढली म्हणजे जेवणाकडे त्याचं लक्ष असणारच. आमची बोट त्यांची होती की दुसऱ्या कुणाची, ते सांगत बसत नाही. थाट इटालियन होता, एवढं पुरे.

स्टेशनसमोरच्या अल्फा हॉटेलात पौना चहा पिता पिता मेव्हण्यांनी मला गळाला लावलं. “भावजी, जेवण सगळं तिकिटात.” या वाक्यापुढे मराठी माणसाचं काही चालत नाही. बायकोनं लगेच होकार दिला आणि पद्मारावनगरच्या आत्यानं “तिथं भात असतो का?” एवढीच चौकशी करून बॅग भरायला घेतली.

बॅलार्ड पिअरला बोटीवर चढताच हातात एक कार्ड आलं. त्यावर रेस्टॉरंटचं नाव, टेबल नंबर आणि ‘सेकंड सीटिंग’. माझी उभी हयात रेल निलयमात टाइमटेबलं जुळवण्यात गेली, पण हे वाचून मी बसकण मारली. म्हणजे दुसरी पंगत! संगमरवरी जिने, काचेच्या लिफ्टा, पियानो वाजवणारा टाय लावलेला गृहस्थ, आणि शेवटी आपण दुसऱ्या पंगतीलाच. पहिल्या पंगतीचे लोक बाहेर येताना दात कोरत आपल्याकडे ज्या नजरेनं पाहतात, ती नजरसुद्धा तीच, नांदेडच्या मंगल कार्यालयातली.

दुसरी पंगत रात्री उशिरा, म्हणून तोवर वरच्या डेकवरच्या बुफेत थोडं काही घ्यावं असं ठरलं. बुफे म्हणजे पंगतीचा नेमका उलटा प्रकार. पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि आपण पानावर आडवा हात धरतो. इथं आग्रह करणारंही कुणी नाही आणि हात धरणारंही कुणी नाही. मेव्हण्यांच्या बशीत पिझ्झा, त्यावर इडली, इडलीवर कलिंगडाची फोड आणि कडेला कुठेतरी जीव मुठीत धरून बसलेला मासा, असा चार मजली संसार मी या डोळ्यांनी पाहिला. “चव घेतोय,” ते म्हणाले. तिकडे बिर्याणीही होती. तीवर ‘हैदराबादी’ अशी पाटी होती, म्हणजे खाणं भागच पडलं. हैदराबाद-सिकंदराबादचा माणूस बाहेरगावी बिर्याणी खातो ती पोटासाठी नव्हे, नावं ठेवण्यासाठी. आम्ही दोघांनी भरपूर खाल्ली आणि पोटभर नावं ठेवली.

खरी कसोटी खाली, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. आपल्या ताटात मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळी वस्ती एका नजरेत दिसते. माणूस अंदाज घेऊन जेवतो. जिलबी दिसली की पोळी एक कमी घेतो. इटालियन जेवण हप्त्याहप्त्यानं येतं आणि पुढचा हप्ता केवढा, ते मेनू वाचूनही कळत नाही. आधी आन्तिपास्तो. मग प्रीमो, म्हणजे पास्ता नाही तर रिसोत्तो. आम्ही पास्ता हेच जेवण समजलो, पानात टाकायचं नाही या संस्कारानं शेवटची शेवई खरवडून खाल्ली, बायकोनं हात पुसले. तोच वेटर वाकून म्हणाला, “आता सेकोन्दो काय आणू?”

“मग आत्ता खाल्लं ते काय होतं?” आत्या म्हणाली.

आत्यासाठी रिसोत्तो आला होता. केशराचा, मिलानच्या पद्धतीचा. तांदूळ रश्श्यात ढवळत शिजवायचा, वर लोणी आणि चीज. आत्यासाठी भाज्यांच्या रश्श्यात केला होता, हे वेटरनं आपणहून सांगितलं. आमच्याकडे बिर्याणीत केशर घालून शीत न् शीत मोकळं ठेवण्यासाठी दमाचा एवढा खटाटोप करतात. इथं तेच केशर घालून शितं एकमेकांना धरून राहावीत म्हणून वीस मिनिटं डाव फिरवत उभे राहतात. आत्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. “अरे, हा तर गुरगुट्या भात. ताप आल्यावर द्यायचा. पण चांगला केलाय हो.”

वेटर हसला. कळलं होतं त्याला. कप्तान इटालियन असला तरी असल्या बोटींवर वाढपी, आचारी, खोल्या आवरणारे असतात फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे आणि आपल्या गोव्याचे. हा मडगावचा निघाला. तो कोंकणीत बोलायचा, आत्या परभणीच्या मराठीत, आणि मधले शब्द दोघांनाही लागत नव्हते.

दुसऱ्या रात्री त्यानं परस्परच तोडगा काढला. सगळे हप्ते एकदम आणले, लहान लहान बश्यांतून. आत्यानं बाही सरसावली. मोठी बशी मध्ये ओढून तिच्यात रिसोत्तो ठेवला. वांग्याचं परमिजाना उजवीकडे, भाजीच्या जागी. काकडी-टोमॅटोचं सॅलड डावीकडे, कोशिंबिरीच्या. ऑलिव्ह लोणच्याच्या जागी, मीठ वर मधोमध, लिंबाची फोड त्याच्या डाव्या अंगाला. ब्रेडबरोबर येणारं ऑलिव्ह तेल वाटीत ओतून तिनं पर्समधून कारमचं सीलबंद पाकीट काढलं आणि त्यात चमचाभर कालवलं. जिनोव्हाचं तेल आणि गुंटूरची मिरची. लांबून पाहणारा इटालियन मुख्य वेटर पुढे आला, अदबीनं वाकला आणि काटा सरळ करून डाव्या हाताला ठेवला. आत्यानं तो उचलून त्याच्याच हातात दिला. “कोशिंबिरीची जागा आहे ती.” तो बिचारा “प्रेगो, सिन्योरा” म्हणून काटा घेऊन गेला.

कॉफीचं प्रकरण वेगळं. आम्ही उस्मानिया बिस्किटांचा पुडा नेला होता. इराणी चहाच्या कपात उस्मानिया बुडवून काढलं तरी चहा शिल्लक राहतो. एस्प्रेसोत पहिलं बिस्किट बुडवलं, वर काढलं, आणि कपाचा तळ दिसला. मेव्हणे कप तिरपा करून बराच वेळ आत बघत होते. त्यात एस्प्रेसो तिकिटात नव्हता. कार्डावर चढत होता. जेवणानंतर कापुचिनो मागवला तर शेजारच्या टेबलावरची इटालियन बाई दचकली, कारण त्यांच्यात तो सकाळी अकराच्या आतच पितात. आम्ही तिसऱ्या प्रहरी शिकरण मागणारे, आम्हाला काय.

वरच्या मजल्यावर जादा पैशांचं रेस्टॉरंटही होतं. मंद दिवे, जाडजूड मेनू, टेबलं बहुतेक रिकामी. तिकिटातलं जेवण सोडून पैसे देऊन जेवायचं, ही कल्पनाच बायकोला अनैतिक वाटली. ती रोज त्या दारावरून जाताना पदर सावरायची.

बुफेच्या रांगेत उभा असताना मला गांधीजी आठवत. गोलमेज परिषदेहून परतताना ते ब्रिंदिसीला ‘पिल्स्ना’ या इटालियन बोटीवरच चढले आणि २८ डिसेंबर १९३१ला मुंबईत उतरले. फळं, सुकामेवा आणि शेळीच्या दुधावर राहणारा उतारू! त्या बोटीच्या आचाऱ्याचं पुढे काय झालं असेल, हा विचार करत मी चौथ्यांदा तिरामिसू वाढून घेई.

परत आल्यावर पद्मारावनगरच्या बायका आत्याभोवती जमल्या. आत्यानं सगळं सविस्तर सांगितलं. मडगावच्या पोराचं कंत्राट आठ महिन्यांचं आहे, गावी आई एकटीच असते, बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलंय, घराचं छप्पर त्याआधी व्हायला हवं आणि गवंडी फसवतोय.

“आणि जेवण कसं होतं हो?” एकीनं न राहवून विचारलं.

“जेवण?” आत्या जरा आठवून म्हणाली, “होतं की. पुष्कळ होतं.”