नवख्या सावकारासाठी : नावापुरत्या खरेदीखताची सोपी पद्धत

मृगाच्या तोंडावर सोयाबीनच्या बियाण्याला पैसे कमी पडले की दुसरबीडचा शेतकरी आधी बँकेत जातो, मग सोसायटीत, मग तुमच्याकडे. तिसऱ्या दारी येईपर्यंत त्याला घाई झालेली असते. तुम्हाला ती नसावी.

चहा पाजा. ‘कर्ज’ हा शब्द मात्र तोंडातून काढू नका. परवान्याशिवाय सावकारी केली तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली 5 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना काढलात तर पंचाईत आणखी वाढते : शेतकऱ्याला तारणावर सालाचे 9 टक्के, विनातारण 12. तुमचे महिन्याचे शेकडा 3, म्हणजे सालाचे 36, दाखवणार कुठे? तेव्हा कर्ज देऊच नका. वावर विकत घ्या.

घाबरू नका, खरंच घ्यायचं नाही. म्हणजे घ्यायचंच आहे, पण तसं बोलायचं नाही. “भाऊ, कागद नावापुरता. दोन सालांत पैसे आणा अन् आपलं वावर घेऊन जा. वाहा तुम्हीच.” हे सिंदखेडराजाच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर म्हणावं, शक्यतो साक्षीदार तंबाखू मळत असताना. आत गेल्यावर खरेदीखत मान्य आहे का, असं विचारतील. तिथे ‘हो’ शेतकऱ्यानेच म्हणायचं. मुद्रांकाचा खर्चही त्याच्याच माथी मारा. गरजू माणूस त्यावर हुज्जत घालत नाही.

परतीचा शब्द लिहून द्या म्हणून त्याने हट्ट धरला, तर मोठ्या मनाने द्या. फक्त वेगळ्या चिठ्ठीवर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये 1929 साली दुरुस्ती झाली : परतीची शर्त त्याच खरेदीखतात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. शेतकरी चिठ्ठी ट्रंकेत जपून ठेवील आणि तुम्हाला भला माणूस म्हणेल.

आता नीतीचं काय, असं एखादा नवखा विचारतोच. टेबलासमोर दोघेही खोटं बोललेले असतात, हे खरं. पण एक पेरणीसाठी बोलला आणि दुसरा वावरासाठी. गावाच्या लेखी बाहेर दिलेला शब्द हाच खरा करार असतो, आतला कागद देखावा. तुमचा सगळा धंदा कायद्याने हे उलटं वाचावं यावर उभा आहे, आणि बहुतेक वेळा तो तसंच वाचतो.

बहुतेक वेळा. 1981 साली गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घात केला. कर्जापोटी केलेलं घराचं खरेदीखत अमलात आणायचंच नव्हतं, असं छबूबाईंचं म्हणणं. असा पुरावा तोंडी देता येतो, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे तो तंबाखू मळणारा साक्षीदारसुद्धा एक दिवस बोलू शकतो. त्याला दिवाळीला विसरू नका.

इतिहास वाचून मन खट्टू करू नका. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, आणि 1879 च्या कायद्याने कोर्टाला कागदामागचा मूळ हिशेब उकरायची मुभा मिळाली. इंग्रज सरकारसुद्धा कच्चं निघालं.

वरून एक फोन गेला की भागतं, या समजुतीत आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातली माणसं फसली. खामगावकडच्या सावकारीच्या तक्रारींत तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयाने हस्तक्षेप केला. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून राज्य सरकारला 10 लाख रुपये भरायला लावले. दिलासा एवढाच की ते सरकारी तिजोरीतून गेले.

खरा धोका 2014 च्या कायद्यातलं कलम 18. सावकारीच्या ओघात वावर हातात आलं असं चौकशीत ठरलं, तर खरेदीखत रद्द करून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश निघतो. शेतकऱ्याने त्यासाठी ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा असतो. अर्ज बुलढाण्याला, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जातो. हा पत्ता दुसरबीडच्या बाजारात मोठ्याने सांगू नका.