आयडलिंग आणि आब

वीस-पंचवीस वर्षे वयाच्या स्पोर्ट्स कारचा मालक पहाटेच्या पहिल्या सेल्फला इंजिन का उठत नाही याचा शोध घेऊ लागतो, तेव्हा त्याला केवळ कारण नको असते, तर स्वतःच्या योग्यतेचे कारण हवे असते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी, फायबर बॉडीच्या गाडीचे नाव वादळाचे असले, तरी तिच्यातील रेनॉचे 1149 सी.सी.चे इंजिन युरोपातील छोट्या कौटुंबिक मोटारींतही बसत असे. परंतु या वर्गातील कोणत्याही गाडीच्या मालकाला तिच्या नावाचा मोह इंजिनाच्या आकडेमोडीपेक्षा नेहमीच अधिक असतो. या मालकवर्गात प्रस्तुत लेखकाचाही समावेश होतो, हे नमूद केल्यावाचून पुढील विवेचन निःपक्षपाती ठरणार नाही.

रात्रभर उभे राहून बाहेरच्या हवेच्या तापमानाला आलेल्या इंजिनाला मोटारशास्त्र थंड मानते, त्यामुळे बीडमधील मे महिन्याची पहाटही शास्त्रदृष्ट्या थंडच ठरते. अशा धातूवर पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही, म्हणून एका भाग पेट्रोलास वजनाने 14.7 भाग हवा हे नेहमीचे प्रमाण सोडून काही काळ अधिक पेट्रोल द्यावे लागते. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चोक ओढून, म्हणजे हवेची वाट अडवून होत असे; पुढे इंजिनाभोवतीच्या पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर ते संगणकाला कळवू लागला आणि मालकाच्या हाती ओढण्यासारखे काही उरले नाही. आयडलिंग म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाने मिनिटाला साधारण 750 ते 900 फेऱ्यांवर स्वतःला सांभाळणे होय. फेऱ्या सतत वर-खाली होऊ लागल्या की गॅरेजमध्ये त्याला ‘हंटिंग’ म्हणतात आणि चौकात त्याच अवस्थेला मालक ‘इंजिन जरा तापट आहे’ असे म्हणतो.

मालकाच्या मते या विकाराची कारणे उतरत्या प्रतिष्ठेने पुढीलप्रमाणे असतात. पहिले कारण म्हणजे बालाघाटची उंची. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर असल्याने तेथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते हे खरे, परंतु तीच हवा घेऊन एस. टी. मांजरसुंब्याचा घाट रोज चढते. दुसरे कारण संगणकातील बिघाड, जो सिद्ध करता येत नसल्यामुळे विशेष लाडका आहे. तिसरे कारण इथेनॉल. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून या तक्रारीत तथ्य आहे. मात्र जेथे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येताच स्वेटर निघतात, तेथे सगळा दोष त्याच्या माथी मारणे ही अतिशयोक्ती होय.

येथे धक्का या संस्थेचा परामर्श काहीसा विस्ताराने घेणे प्राप्त आहे. दुसरा गिअर टाकून, गाडी ढकलली जात असताना क्लच एकदम सोडला की चाके इंजिनाला फिरवतात, हे त्यामागील तत्त्व आहे. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पेट्रोलचा पंप आणि संगणक दोन्ही निजलेले असल्याने धक्का व्यर्थ जातो, आणि बॅटरी जिवंत असली तरी न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायू निवळवणारे यंत्र, बिघडवू शकते. तरीही बीडच्या रस्त्यावर धक्का नाकारला गेल्याचे ऐकिवात नाही. धक्का देणारे तीन प्रकारचे असतात: खांदा लावणारे, डिकीवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने फोनवर बोलणारे आणि गाडीला स्पर्शही न करता “दुसऱ्यात टाका की सायेब, दुसऱ्यात” असे बजावत शेजारून चालणारे, ज्यांना यशाचे श्रेय सर्वाधिक मिळते. चौथा प्रकार मालकाचा, जो आत बसून स्टिअरिंग धरतो आणि त्यालाच श्रम समजतो. गाडी बुटकी असल्याने ढकलणाऱ्यांना कमरेत वाकावे लागते, आणि आरशातून दिसणारा तो वाकलेला समुदाय आपल्या गाडीला लवून मुजरा करीत आहे, असे प्रस्तुत लेखकाच्या मनात क्षणभर का होईना येतेच.

त्या वाकलेल्यांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारही असतात. याच सुमारास संसार, कोयते, लेकरे आणि शेळ्या ट्रॉलीत भरून बीडमधील ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको पुढचे काही महिने पाचटाच्या खोपीत राहून ऊस तोडतात. कारखान्यांत त्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉलही होते. धक्का द्यायला ट्रॉलीतून उतरलेल्या माणसासमोर “हल्ली पेट्रोलमध्ये काही दम राहिला नाही” असे गाडीत बसून बोलणे, हा आयडलिंगपेक्षा कितीतरी गंभीर बिघाड आहे, आणि त्यावर कोणत्याही गॅरेजमध्ये इलाज होत नाही.

गाडीच्या बिघाडावर मात्र होतो. टोचन करून आणलेल्या गाडीजवळ मिस्त्री प्रथम नुसता कान देतो, मग हवेच्या नळ्या दाबून पाहतो, थ्रॉटलच्या पडद्यावरील काजळी पुसतो, प्लग आणि अर्थिंगची वायर तपासतो आणि सेन्सरपर्यंत अगदी शेवटी येतो. मालकाचा क्रम नेमका उलटा असल्याने तो नळीपर्यंत कधी पोहोचतच नाही. मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षे तापून कडक झालेली नळी पहाटे आकसते, तिच्या भेगेतून संगणकाच्या हिशेबात नसलेली हवा आत शिरते, आणि इंजिन तापले की तीच भेग बरीचशी मिटते, म्हणून विकार केवळ पहाटेचा वाटतो. वीतभर नळी बदलताच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि फेऱ्या स्थिर राहतात. त्या नळीची किंमत मात्र मालक कोणालाही सांगत नाही. विचारलेच तर ‘इंधनप्रणालीचे मोठे काम निघाले होते’ एवढेच तो सांगतो, आणि त्यात बालाघाटच्या उंचीचा उल्लेख असतोच.