तुला काय करायचंय?

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. तिथून आमचं बजाजनगर किती लांब? दुचाकीवर काही मिनिटं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सहावीतल्या मुलीने घरात विचारलं, "ते लोक कंपनीतच का झोपायचे?" उत्तर आलं, "तुला काय करायचंय? अभ्यास कर."

या शब्दांचा मला राग येतो. पगार किती असला की खोली भाड्याने घेता येत नाही, रात्री माणसं आत असताना दार कोणाच्या हातात असतं, त्यांचा जीव कोणाच्या जबाबदारीवर असतो, हे सगळं त्या पोरीच्या एका प्रश्नात होतं. नागरिकशास्त्राचं अख्खं पुस्तक ती घेऊन आली होती आणि आपण तिला पुस्तक वाचायला पिटाळलं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1992 साली शिक्कामोर्तब केलं. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, असं त्याचं बारावं कलम सांगतं. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

जग कळावं म्हणून आपण पोरांना सामान्यज्ञानाची पुस्तकं आणून देतो. स्कॉलरशिपसाठी, नवोदयसाठी. नायजेरियाची राजधानी? अबुजा. एक गुण मिळाला, विषय संपला. पण वाळूजमध्ये बनणाऱ्या गाड्या परदेशी जातात आणि नायजेरिया हे आपल्या दुचाक्यांचं मोठं गिऱ्हाईक, हे त्या पोराला कोण सांगतं? 2023 मध्ये तिथलं चलन, नायरा, कोसळलं आणि मागणी आटली. त्याच वर्षाअखेर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडी चढली. बाप घरी येऊन एवढंच म्हणतो, "सध्या माल उठत नाही, ओव्हरटाइम बंद." पोरगं ऐकतं आणि घाबरतं. नकाशा उघडून त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसलात, तर भीती पुष्कळ कमी होईल.

"लहान आहेत, मनावर परिणाम होतो," असंही म्हणतात. मोबाइलवर गाझातली पडलेली घरं आणि त्याखालची लेकरं ती बघतातच, अंथरुणात, एकटी. परिणाम व्हायचा तो तिथे होतो. शेजारी मोठं माणूस असेल तर निदान विचारता येतं.

आणि हक्कांची गोष्ट सांगायला जिनिव्हा गाठायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाचं गेट आपल्या शहरात आहे. त्यावर बाबासाहेबांचं नाव लागावं असा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत काय झालं, हे गेटसमोर फोटो काढणाऱ्या किती पोरांना घरातून कळलं? ज्यांची घरं जळली त्यांच्या पोरांना कळलं. बाकीच्यांच्या घरात गप्प बसणं हीच रीत आहे, आणि ती मोडायला हवी.

एका शब्दाने काय होतं, हे 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात दिसतं. पहिल्या कलमात माणसासाठी पुरुषवाचक शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या आणि तिथे 'सर्व मानव' आलं. आपल्या गल्लीत मात्र बिहारहून आलेल्या कामगाराचा मुलगा वर्गात पहिला आला तरी 'भैयाचा पोरगा'च राहतो. हा शब्द पोरं शाळेत शिकत नाहीत. जेवताना आपल्या तोंडून ऐकतात.

त्या मुलीला मी माझ्याकडे बसवलं आणि आगीबद्दल मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "आमच्या पप्पांच्या कंपनीत बाहेर पडायला दुसरं दार आहे का?"

पप्पा सेकंड शिफ्टला गेले होते. मी म्हटलं, त्यांनाच विचार. ते घरी येईपर्यंत ती जागी राहिली.