मात्रेविना औषध

'समग्र उपचार' म्हणजे शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींचा एकत्रित विचार करणारी चिकित्सा, अशी व्याख्या या पद्धतीचे पुरस्कर्ते करतात. परंतु गंभीर आजारात तिचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला असता, ज्यात काहीच मोजावे लागत नाही तो समग्र उपचार आणि ज्यात सगळेच मोजले जाते तो 'ॲलोपॅथीचा मारा', ही व्याख्या अधिक नेमकी ठरते. आत्मा मोजता येत नाही हे मान्यच आहे. अडचण एवढीच, की या शास्त्रात गाठही मोजली जात नाही.

या भेदाचे उत्तम उदाहरण म्हणजे सदाफुली. ती कुंडीत उभी असते तोवर 'नैसर्गिक' असते, आणि तिची सात पाने सकाळी अनशापोटी चावल्यास मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व व्याधी पळतात, यावर शेजारच्या काकूंपासून कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सर्व अधिकारी भाष्यकारांचे एकमत असते. 1950च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या कॅनडातील संशोधकांनी जमैकातून मधुमेहावरचा काढा म्हणून आलेली हीच पाने तपासली, तेव्हा प्राण्यांच्या रक्तातील साखर जागची हलली नाही, मात्र पांढऱ्या पेशी घटल्या. या गैरसोयीच्या निरीक्षणातून व्हिन्ब्लास्टिन हे औषध निघाले आणि त्याच झाडातून पुढे मिळालेले व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत कायमचे जाऊन बसले. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात, त्यामुळे रोज सात पाने चावणाऱ्याचा हिशेब पुनर्जन्मावर श्रद्धा असणाऱ्यांनाच परवडेल. पण तेच द्रव्य रुग्णाच्या उंची-वजनावरून मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेत सोडले, की त्याचे तत्काळ 'केमिकल' होते. सह्याद्रीतील नरक्या या झाडाचीही हीच शोकांतिका असून, त्यातील कॅम्पटोथेसिनपासून कर्करोगावरील दोन औषधे तयार झाल्यामुळे तेही निसर्गातून बहिष्कृत झाले आहे. या वनस्पतींचा अपराध एकच, की त्या तराजूत बसल्या.

'साइड इफेक्ट नाही' हा या शास्त्राचा दुसरा सिद्धांत होय. दुष्परिणाम नसणे आणि दुष्परिणाम न नोंदवणे यांत आधुनिक वैद्यक उगाचच फरक करते. केमोथेरपीने केस गळतात हे कागदावर लिहिलेले असल्यामुळे ती घातक, आणि काढ्याने यकृताचे काय झाले हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे तो निर्धोक, असा हा सरळ न्याय आहे. जर्दाळूच्या बियांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून बनवलेले 'लेट्रिल' अमेरिकेत व्हिटॅमिन म्हणून खपवले जात होते, तोवर त्याची कीर्ती निष्कलंक होती. 1982 मध्ये 178 रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष छापून आला आणि त्यात कर्करोगावर गुण शून्य, उलट काहींच्या अंगात सायनाइडच्या विषबाधेची लक्षणे, असे आढळले. मोजण्याने चांगल्या औषधाची अशी माती होते.

तिसरे प्रकरण श्रेयगणिताचे. रुग्ण बरा झाला तर काढ्याचा गुण, न झाला तर पथ्य मोडले. शस्त्रक्रिया करून बरा झाला तर 'मुळावर काम आधीच झाले होते', आणि दगावला तर इस्पितळाने मारला. नोव्हेंबर 2024 मध्ये क्रिकेटमधून राजकारणात गेलेल्या एका गृहस्थांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय हळद, लिंबू आणि कडुनिंबाच्या आहाराला दिले. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, हा तपशील लिंबाच्या मोठेपणापुढे फिका पडला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या 262 आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना, या पदार्थांच्या गुणाला पुरावा नाही, असे सहीनिशी सांगावे लागले. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या 281 कर्करुग्णांची रुग्णालयीन उपचार घेतलेल्या 560 जणांशी तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक भरला. जाहिरातीतील अनुभवकथनांत ही मंडळी दिसत नाहीत, कारण अनुभव कथन करण्यासाठी आधी जिवंत असावे लागते.

आयुर्वेदाच्या नावाने हे सर्व चालते, हा त्यातला खरा विनोद होय. मराठीत औषधाच्या नेमक्या प्रमाणाला 'मात्रा' म्हणतात आणि औषध गुणकारी ठरले तर 'मात्रा लागू पडली' असे म्हटले जाते, म्हणजे मोजण्याचा संस्कार भाषेतच मुरलेला आहे. चरकसंहितेत तर व्याधी साध्य की असाध्य हे आधी पारखावे आणि असाध्य व्याधीला हात घालणाऱ्या वैद्याची अपकीर्ती होते, असे बजावले आहे. आजच्या दुकानदार वैद्याने 'असाध्य' हा शब्दच कोशातून काढला आहे. कर्करोगासह 54 व्याधी बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा 1954 पासून अस्तित्वात आहे, म्हणून 'बरा होतो' ऐवजी 'लाभ होतो' असे छापले जाते, आणि लाभ कोणाला, हे मोघम ठेवले जाते.

न्यायासाठी इतके नमूद केले पाहिजे, की इस्पितळात रुग्णाला दोन मिनिटे मिळतात आणि काढेवाला तासभर ऐकून घेतो. घाबरलेल्या माणसाला ऐकून घेणे हेही औषधच असते आणि ते देण्याची सोय आधुनिक वैद्यकाने स्वतःच मोडीत काढली आहे. योगासने, चांगला आहार, मनःशांती यांनी उपचार सोसणे सुसह्य होते. अशा 'पूरक' उपचारांना, म्हणजे मुख्य औषधाच्या जोडीने घेतलेल्या उपचारांना, कोणाचा आक्षेप नाही. जेवणाबरोबरचे लोणचे जेवणाऐवजी वाढले जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

मोजमापाचे वावडे असलेल्या या शास्त्राला महिन्यांचा आकडा मात्र चुकवता येत नाही. यंत्राच्या आतला, कोणाला न दिसणारा भागही नेटकाच हवा असा हट्ट धरणारे स्टीव्ह जॉब्ज, ऑक्टोबर 2003 मध्ये स्वादुपिंडातील गाठ कळल्यावर, आहार आणि सुईचिकित्सा यांत नऊ महिने घालवून जुलै 2004 मध्ये शस्त्रक्रियेला तयार झाले. परळपासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत केसपेपरवर सुरुवातीलाच विचारले जाते, की गाठ पहिल्यांदा केव्हा जाणवली. नातेवाईक एकमेकांकडे पाहतात, कोणीतरी 'दिवाळीच्या सुमारास' असे पुटपुटते, आणि बाहेर तर गणपतीचे मंडप उभे राहत असतात. केसपेपर लिहिणारा महिने बोटांवर मोजतो. त्या संपूर्ण समग्र उपचारातले ते पहिले मोजमाप असते.